जमिनीखालची टाकी आणि विहिरीचे पाणी

विहिरीचे पाणी बिघडले म्हटले की आपल्याला कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर हे आजार आठवतात. त्यावरचे उपायही आता घराघरांत ठाऊक झाले आहेत. विहिरीत टीसीएल पावडर टाकावी, पाणी उकळून गाळून प्यावे. रोगजंतूंपुरते हे उपाय अगदी योग्य आहेत. परंतु पाण्यात असाही एक दोष शिरू शकतो, की जो टीसीएलला दाद देत नाही आणि पाणी उकळले तर भांड्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत पसरतो. हा दोष म्हणजे जमिनीत झिरपलेले पेट्रोल किंवा डिझेल. आजच्या लेखात त्याची माहिती करून घेऊ.

पेट्रोल पंपावर आपल्याला दिसते ते फक्त यंत्र आणि नळी. खरा साठा पायाखाली असतो. हजारो लिटर तेल मावेल अशा लोखंडी टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात आणि त्यांतून नळ यंत्रापर्यंत आलेले असतात. आगीचा धोका कमी व्हावा म्हणून टाकी जमिनीखाली ठेवतात आणि ते बरोबरच आहे. पण जे जमिनीखाली आहे ते डोळ्यांना दिसत नाही. घरावरची पाण्याची टाकी गळू लागली तर भिंत ओली होते, शेजारी हाक मारतात. जमिनीतली टाकी गळू लागली तर हाक मारणारे कोणी नसते.

आपल्या जिल्ह्यात हा विषय दूरचा नाही. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे या दोन्ही महामार्गांवर ओळीने पंप आहेत. मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून मनमाडपर्यंत तेलाची भूमिगत वाहिनी आलेली आहे. एसटीच्या आगारांत डिझेलचा साठा असतो. आणि याच जिल्ह्यात हजारो कुटुंबे विहिरीचे व बोअरचे पाणी पितात. वर्षानुवर्षे टंचाई सोसलेल्या मनमाडसारख्या गावाला उन्हाळ्यात एकेक बोअर मोलाची वाटते. म्हणून तेल आणि पाणी या दोघांची जमिनीखाली गाठ पडू नये, यातच सर्वांचे हित आहे.

टाकी का गळते?

पहिले कारण गंज. लोखंड ओल्या मातीत राहिले की गंजते. आपली काळी माती तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते व भेगाळते. तिचा दाब टाकीवर आणि नळांच्या सांध्यांवर येतो. यासाठी टाकीभोवती स्वच्छ वाळू भरतात, टाकीला बाहेरून गंजरोधक लेप देतात. काही ठिकाणी टाकीला जस्त किंवा मॅग्नेशियमचा तुकडा जोडतात. तो तुकडा आधी झिजतो आणि लोखंड वाचते. ही काळजी न घेतलेल्या जुन्या टाकीला आज ना उद्या भोक पडणारच.

दुसरे कारण नळांचे सांधे. टाकी धडधाकट असते, पण यंत्राकडे जाणारा नळ एखाद्या सांध्यात पाझरतो. तिसरे कारण टँकर रिकामा करताना होणारी सांडलवंड. दर खेपेला थोडे थोडे सांडले तरी वर्षाच्या शेवटी जमिनीने बरेच तेल प्यालेले असते.

थेंबाचा हिशेब करून पाहा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला सुमारे चार लिटर तेल जाते, वर्षाला सुमारे १५०० लिटर. रोज हजारो लिटर विक्री असलेल्या पंपावर चार लिटरची तूट हिशेबात सहज विरून जाते. उष्णतेने पेट्रोल फुगते, थंडीत आकसते, त्यामुळे थोडाफार फरक रोजच दिसतो. म्हणून एका दिवसाच्या तुटीकडे पाहून काही कळत नाही. महिनाभराची तूट रोज एकाच बाजूला झुकत असेल तर मात्र गळतीचा संशय धरावा.

जमिनीत पुढे काय होते?

सांडलेले पेट्रोल मातीतून खाली उतरते. काही मातीच्या कणांना चिकटते, काही वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांत साठते. उरलेले पाण्याच्या पातळीपर्यंत पोचते. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे तेथे तवंगासारखे पसरते. पावसाळ्यात भूजल वर येते, तसा तवंगही वर येतो. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तसा तोही खाली उतरतो. या चढउतारात वरपासून खालपर्यंतची सगळी माती तेलाने माखते. गळती थांबवल्यावरही ही माखलेली माती पुढे कित्येक वर्षे पाण्याला थोडे थोडे तेल देत राहते. यामुळेच विहिरीला येणारा वास एका मोसमात येतो, दुसऱ्यात जातो आणि पुन्हा परत येतो. वास गेला म्हणजे दोष गेला असे समजू नये.

कॅलिफोर्नियात १९९५ साली अशा गळत्यांची मोठी पाहणी झाली. बहुतेक ठिकाणी पाण्यात विरघळलेला दूषित पट्टा सुमारे २५० फुटांच्या आत थांबल्याचे तीत आढळले, कारण मातीतील सूक्ष्म जीव पेट्रोल खाऊन संपवतात. ही दिलाशाची गोष्ट आहे. पण तो हिशेब तेथील मातीचा. आपल्याकडे वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. या पाषाणात पाणी भेगांमधून धावते. भेग ज्या दिशेला गेली, त्या दिशेला तेल जाणार. पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहून लांबची बोअर बिघडू शकते. म्हणून आपल्या जिल्ह्यात केवळ अंतर मोजून निश्चिंत होता येत नाही.

प्लॅस्टिकच्या नळांचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काळ्या पॉलिथीनच्या नळातून पेट्रोलमधील काही द्रव्ये भिंत भेदून आत शिरू शकतात. नळाला भोक नसले तरी असे घडते. पाणी स्वच्छ विहिरीचे असले, पण नळ तेलकट मातीतून टाकलेला असेल, तर घरी येणारे पाणी बिघडू शकते.

हे इतरत्र घडले आहे

सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातील सासवड येथे २०२१ साली चोरट्यांनी तेल कंपनीची भूमिगत वाहिनी फोडली. चोरांनी नेले ते वेगळेच, पण गळलेले पेट्रोल शेतजमिनीत मुरले आणि विहिरीत उतरले. चेन्नईच्या तोंडियारपेठ भागात २०१३ साली रहिवाशांच्या बोअरमधून तेलाचा वास असलेले पाणी येऊ लागले. बंदराकडून डेपोकडे जाणाऱ्या भूमिगत वाहिनीतून ती गळती झाली होती.

अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात हा प्रश्न इतका वाढला, की १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी लागली. तेव्हापासून तेथे पाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका या शहराला १९९६ साली पेट्रोलमधील एका मिश्रणद्रव्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पाणी विकत आणावे लागले.

सर्वांत भयंकर घटना मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराची. पेट्रोलची लोखंडी वाहिनी आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा नळ एकमेकांजवळ आल्याने वाहिनी गंजली. पेट्रोल गटारात उतरले. आदल्या दिवसांत लोकांनी गटारातून वास येत असल्याच्या तक्रारी केल्या होत्या. २२ एप्रिल १९९२ रोजी गटारांचे स्फोट होऊन मैलोन्‌मैल रस्ते उखडले गेले आणि २०० हून अधिक माणसे मरण पावली. वासाची तक्रार किरकोळ समजू नये, हा यातला धडा.

शरीराला अपाय काय?

पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातले आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत घातक द्रव्य म्हणजे बेंझीन. ते रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर परिणाम करते. दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास पंडुरोग होतो, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. मनुष्यात कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून जागतिक पातळीवर त्याची नोंद आहे. वाफा हुंगल्याने तात्काळ होणारे त्रास म्हणजे डोके दुखणे, चक्कर, मळमळ, सुस्ती. अंघोळीला असे पाणी वापरल्यास कातडी कोरडी पडते, खाज सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम बेंझीन ही मर्यादा सांगितली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. भारत स्टेज-६ च्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का असते, म्हणजे लिटरमागे १० मिलिलिटर. त्याचे वजन सुमारे पावणेनऊ ग्रॅम. हे सगळे बेंझीन पाण्यात मिसळले असे धरले, तर एक लिटर पेट्रोल जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. वीस फूट व्यासाच्या विहिरीत बारा फूट पाणी असेल तर ते सुमारे एक लाख लिटर भरते. म्हणजे एका लिटरला आठ विहिरी! प्रत्यक्षात काही भाग उडून जातो, काही मातीत अडकतो, काही जीवाणू खातात. तरी प्रमाण किती विषम आहे ते यावरून कळेल.

डिझेलमध्ये बेंझीन फार कमी असते. परंतु ते लवकर उडून जात नाही, मातीत अधिक काळ टिकते आणि त्यातील काही जड द्रव्येही अपायकारक असतात.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉलही मिसळतात. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून टाकीत पाणी शिरू न देण्याची काळजी पूर्वीपेक्षा अधिक घ्यावी लागते. शिवाय मातीतील जीवाणूंना इथेनॉल अधिक आवडते. ते आधी इथेनॉल संपवतात, त्यात जमिनीतला प्राणवायू खर्च होतो आणि बेंझीन तसेच मागे राहून पुढे सरकते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. चार-आठ दिवस असे पाणी पोटात गेले म्हणून कर्करोग झालाच, असे मुळीच नाही. धोका प्रमाणावर आणि काळावर अवलंबून असतो. घाबरू नये, पण ते पाणी पिणे मात्र त्याच दिवशी थांबवावे. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि आधीच पंडुरोग असलेल्यांनी विशेष जपावे. बरेच महिने असे पाणी वापरले असेल तर डॉक्टरांना ती माहिती द्यावी. ते रक्ताची साधी तपासणी करून हिमोग्लोबिन आणि पेशींचे प्रमाण पाहतील.

घरगुती उपायांचा उपयोग किती?

टीसीएल, मेडिक्लोर, पोटॅशियम परमँगनेट आणि तुरटी यांचा येथे उपयोग नाही. टीसीएल जंतू मारते, तुरटी गाळ बसवते. पेट्रोलला या दोन्हींचे काही वाटत नाही. अतिनील किरणांचे यंत्रही जंतूंसाठीच असते. कोळशाचा म्हणजे कार्बनचा गाळण बेंझीन शोषून घेतो हे खरे, पण घरगुती यंत्रातला लहानसा कार्बन लवकर भरून जातो. तो भरल्याचे बाहेरून कळत नाही. पाणी उकळले तर बेंझीन वाफेबरोबर उडते आणि बंद स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईच्या श्वासात जाते. थोडक्यात, अशा पाण्यावर घरच्या घरी खात्रीचा उपाय नाही. दुसरीकडचे पाणी आणणे हाच उपाय.

वास आल्यास काय करावे?

१. त्या पाण्याचे पिणे, स्वयंपाक आणि अंघोळ ताबडतोब बंद करावी. जनावरांनाही पाजू नये.

२. विहिरीत काडी, कंदील किंवा पेटता कागद टाकून पाहू नये. हवा खराब आहे का हे पाहण्यासाठी विहिरीत दिवा सोडण्याची जुनी रीत आहे. पेट्रोलची वाफ असेल तर त्यानेच स्फोट होईल. विहिरीवरची मोटार चालू किंवा बंद करतानाही ठिणगी पडते, म्हणून तिला हात लावू नये. शक्य असल्यास लांबच्या खांबावरून वीज बंद करून घ्यावी.

३. कोणीही विहिरीत उतरू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठते. उतरलेला बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला गेलेलाही पडतो.

४. विहिरीचे पाणी उपसून ओढ्यात, गटारात किंवा शेतात सोडू नये. दोष एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईल आणि आगीचा धोका वाढेल.

५. तारीख, वेळ, वास केव्हा तीव्र होतो, पाऊस पडला होता का, हे वहीत लिहून ठेवावे. शेजारच्या विहिरींचीही चौकशी करावी. तपासणी करणाऱ्यांना ही नोंद फार उपयोगी पडते.

६. लेखी तक्रार करावी. ती तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नाशिक कार्यालय, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि संबंधित तेल कंपनी यांना द्यावी व पोच घ्यावी. पेट्रोलियमच्या साठ्याला परवाना देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. तिलाही प्रत पाठवावी. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे सांगणारे भूवैज्ञानिक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत असतात.

पाण्याचा नमुना कसा घ्यावा?

नेहमीच्या पाणी तपासणीत जंतू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड पाहतात. बेंझीन पाहत नाहीत. त्यामुळे 'पाणी पिण्यास योग्य' असा दाखला मिळाला तरी पेट्रोलचा प्रश्न सुटलेला नसतो. बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन या चार द्रव्यांची तपासणी हवी, असे प्रयोगशाळेला स्पष्ट सांगावे. अहवालात फक्त 'खनिज तेल' हा आकडा असेल तर तो पुरेसा नाही. भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला अर्धा मिलिग्रॅम आहे, तर बेंझीनची मर्यादा तिच्या पन्नासाव्या भागाइतकी सूक्ष्म.

नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता घ्यावा. घट्ट बूच लावून बर्फात ठेवून लगेच पोचवावा. प्लॅस्टिकची बाटली किंवा रॉकेलचा जुना डबा वापरू नये. अर्धी भरलेली बाटली उन्हात फिरवली, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बेंझीन उडून गेलेले असते आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

माती स्वच्छ कशी होते?

हे काम तज्ज्ञांचे आहे, पण त्याचा क्रम आपल्याला ठाऊक असावा. प्रथम टाकी रिकामी करून गळती थांबवतात. मग चर किंवा बोअर घेऊन तरंगते तेल काढून घेतात. फार माखलेली माती खणून बाजूला नेतात. उरलेल्या मातीतील वाफ पंपाने ओढून घेतात किंवा पाण्यात हवा सोडतात. शेवटचे काम जीवाणूंचे. मातीत हवा, ओल आणि नत्र-स्फुरद पुरवले की तेल खाणारे जीवाणू वाढतात. दिल्लीच्या टेरी संस्थेने तेल खाणाऱ्या जीवाणूंचे 'ऑइलझॅपर' नावाचे मिश्रण तयार केले आहे. या सगळ्याला महिने, कधी वर्षे लागतात. म्हणून चार गाड्या मुरूम टाकून खड्डा बुजवला आणि 'काम झाले' असे कोणी म्हटले, तर नंतरचे पाण्याचे अहवाल मागावेत.

कायदा काय म्हणतो?

विहिरीत दूषित द्रव्य सोडण्यास १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने बंदी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये पंपांसाठी सूचना काढल्या. त्यांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटर दूर असावा. जागेची अडचण असल्यास जादा सुरक्षा उपायांसह किमान ३० मीटर. जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आले. संशयित दूषित जागांचा सहामाही अहवाल देण्याचे काम त्यांत जिल्हा प्रशासनाकडे आहे आणि स्वच्छतेचा खर्च दूषित करणाऱ्याकडून घेण्याचे तत्त्व आहे. गावकऱ्यांचा लेखी अर्ज हीच अशा अहवालाची सुरुवात असते.

जागा घेणाऱ्यांनीही सावध राहावे. बंद पडलेल्या पंपाची किंवा गॅरेजची जागा घर बांधण्यासाठी घेताना जुनी टाकी काढली आहे का, ती काढताना मातीची तपासणी झाली होती का, हे विचारावे. तेथे बोअर घेण्याआधी तर नक्कीच विचारावे.

जाता जाता एक सूचना. नळीने तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय फार वाईट आहे. कोणी पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल गिळले तर त्याला ओकारी काढायला लावू नये, मीठपाणी पाजू नये. ओकताना तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा.

पाण्याचा रंग, गाळ आणि क्षार आपण पिढ्यान्‌पिढ्या पारखत आलो आहोत. आता त्यात वासाची भर घालावी लागणार. सकाळी विहिरीवर किंवा बोअरवर पहिली घागर भरताना एकदा वास घेऊन पाहावा. वास आला तर त्याच दिवशी पाणी बंद करावे आणि अर्ज द्यावा.